स्टॅम्पपेपरवरचा भाडेकरू : खराडीतल्या एका वन बीएचकेचं प्रकरण

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. काका-काकू साताऱ्याहून सकाळच्या एसटीने निघून अकराच्या सुमारास माझ्याकडे आले. काका एसटीतूनच वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघांची आयकर विवरणपत्रं मी बरीच वर्षं भरतो. काकांनी पिशवीतून फाईल काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दोनच प्रश्न आहेत. भाडेकरूला बाहेर कसा काढायचा? आणि निघाला की फ्लॅट विकायचा का?"

काकूंनी दुसरं वाक्य तिथेच तोडलं. "विकायचा नाही. माहेरचे पैसे आहेत ते."

इथे नावं देत नाही. आकडे मात्र पूर्ण देतो. एक-दोन फ्लॅट घेऊन भाड्याने देणाऱ्या माणसाचं सगळं शिक्षण आकड्यांतच असतं, आणि बहुतेक घरांत ते आकडे कधी एका कागदावर येत नाहीत. या दोघांचेही आले नव्हते.

फ्लॅट कसा आला

काकूंच्या वडिलांची कराडकडची जमीन विकली गेली, वाटणीत त्यांना १९ लाख मिळाले. बँकेत ठेवले तर खर्च होतील, या भीतीने २०१८ च्या मे महिन्यात त्यांनी पुण्यात खराडीला एक वन बीएचके घेतला. जुना, पण सोसायटी चांगली, आयटी पार्क जवळ. किंमत ४२ लाख. मुद्रांक शुल्क तेव्हा सहा टक्के, म्हणजे २ लाख ५२ हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटला एक टक्का, ४२ हजार. किचन ट्रॉली, ग्रिल, गीझर, पंखे आणि रंग यांना १ लाख ७६ हजार. एकूण ४७ लाख. पैकी २८ लाखांचं कर्ज, वीस वर्षांचं, हप्ता सुमारे २४,३००.

मी काकांना विचारलं, फ्लॅट कितीला पडला? ते म्हणाले, बेचाळीस. सगळेच असं म्हणतात. वरचे पाच लाख कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, आणि परतावा काढताना छेदात तेच नसल्यामुळे टक्केवारी गोजिरी दिसते.

पहिला भाडेकरू आयटीतला मुलगा, १४ हजार भाडं. एप्रिल २०२० मध्ये तो गावी गेला तो परत आलाच नाही. फ्लॅट सात महिने रिकामा. हप्ता चालू, मेंटेनन्स चालू. मग एक जोडपं ११,५०० ला राहिलं. त्यांच्यानंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून हा तिसरा भाडेकरू आला, ज्याच्यामुळे हे प्रकरण लिहितोय. एका आयटी कंपनीच्या कॅन्टीनचं कंत्राट घेणाऱ्या केटररकडे तो सुपरवायझर होता. बायको, पहिलीतली मुलगी. भाडं १३ हजार, डिपॉझिट ५० हजार. करार रीतसर नोंदवलेला, पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही दिलेली. इथपर्यंत सगळं चोख होतं.

बिघडलं कुठे

अकरा महिन्यांनी, ऑगस्ट २०२२ अखेर, करार संपला. नूतनीकरणाच्या वेळी एजंटने काकांना दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. पहिली : "माणूस चांगलाय, ओळखीचा झालाय, परत रजिस्टर कशाला? पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू, दीड हजार वाचतील." दुसरी : "भाडं आता सोळा हजार होईल, पण कागदावर बारा दाखवू. वरचे चार रोख घ्या. टॅक्स नको."

काकांना दोन्ही पटल्या. १ सप्टेंबर २०२२ पासून बारा हजार बँकेत, चार हजार हातात. १ ऑगस्ट २०२३ पासून परत नोटरी, परत कागदावर बाराच. प्रत्यक्षात अठरा, म्हणजे सहा हजार रोख. काका दर दोन महिन्यांनी पुण्याला जायचे, मुलीसाठी कंदी पेढे न्यायचे, चहा प्यायचे, पैसे घ्यायचे. रोख पैशाची नोंद काकांच्या वहीत आहे, दुसऱ्या कुणाच्या सहीशिवाय.

दुसरा नोटरीचा कागद ३० जून २०२४ ला संपला. त्याच सुमारास केटररचं कंत्राट गेलं. जुलैचं भाडं आलं नाही. ऑगस्टचंही नाही. सप्टेंबरमध्ये काकांनी फोनवर आवाज चढवला, तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, "काका, तुमचे तीन महिन्यांचे छत्तीस हजार होतात. डिपॉझिट पन्नास आहे. अजून मीच पुढे आहे."

छत्तीस! काका चोपन्न धरून बसले होते.

तो खोटं बोलत होता, हे काकांना माहीत, त्यालाही माहीत. पण कागद त्याच्या बाजूने बोलत होता, आणि त्या कागदावर सही काकूंची होती.

कायद्याची बाजू

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. ३१ मार्च २००० पासून लागू झाला. छोट्या घरमालकाने त्यातली दोन कलमं तरी नीट समजून घ्यावीत.

कलम ५५ सांगतं की जागा भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने (म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीने) द्यायची असेल तर करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अटींबद्दल वाद झाला तर भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं; ते खोटं आहे हे सिद्ध करायचं काम मालकाचं. आणि हे नीट वाचा : नोटरी केलेल्या कागदाला पाचशेचा स्टॅम्प लागला, नोटरीचा लाल शिक्का बसला, तरी ती नोंदणी नव्हे. हा गैरसमज पुण्यात आणि साताऱ्यात सारखाच पसरलेला आहे.

कलम २४ मालकाच्या बाजूचं. लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर साध्या दिवाणी दाव्यात वर्षं न घालवता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर जितके दिवस राहिला तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं द्यावं लागतं. लेखी लायसन्स कराराला इथे निर्णायक पुरावा मानतात. म्हणून तर लोक भाडेपट्ट्याऐवजी लायसन्सचा करार करतात.

नोंदणीच नसेल तर मात्र हा सरळ रस्ता निसरडा होतो. आणि समजा काकू तिथे जिंकल्याच असत्या, तर दुप्पट कशाच्या? कागदावरच्या बाराच्या.

जाता जाता अकरा महिन्यांबद्दल. 'त्यापेक्षा जास्त दिलं की भाडेकरू घर बळकावतो' असं घराघरांत ऐकू येतं. मुळात हा आकडा आला तो १९०८ च्या नोंदणी कायद्यातून, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि लोकांना ती नोंदणी चुकवायची असते. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, त्यामुळे त्या चलाखीला इथे काही अर्थ उरलेला नाही. बावीस महिन्यांचा करा, तेहतीसचा करा. साठ महिन्यांपर्यंत मुद्रांकाचा दर तोच आहे. मालकाच्या संमतीने राहणारा माणूस बारा वर्षं राहिला म्हणून मालकही होत नाही.

एजंटने वाचवलेले पैसे

काकांना मी समोर बसवून हिशेब घातला, कारण त्यांचा अजूनही विश्वास होता की निदान कर तरी वाचला.

नोंदणीचा खर्च आधी. अठरा हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, अकरा महिने. एकूण भाडं १ लाख ९८ हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज ४,५८३. या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ५०६ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. झाले दीड हजार. दोन वेळा टाळलं, तीन हजार वाचले. नोटरी आणि स्टॅम्पपेपरचा खर्च मी वजा करत नाहीये, काकांच्या बाजूने हिशेब जाऊ दे.

आता आयकर. घरभाड्याच्या उत्पन्नातून आधी प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्याच्या तीस टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत, आणि मग कर्जावरचं व्याज वजा होतं. २०२३-२४ चं खरं भाडं २ लाख ८ हजार. मिळकतकर ११,४००. राहिले १,९६,६००. तीस टक्के गेल्यावर १,३७,६२०. त्या वर्षीचं व्याज २ लाख ६ हजार. म्हणजे पूर्ण भाडं दाखवलं असतं तरी घराच्या खात्यात ६८ हजारांचा तोटाच होता. कर शून्य.

जुन्या करप्रणालीत हा तोटा, वर्षाला दोन लाखांच्या मर्यादेत, पगारातून वजा करता येतो. त्यामुळे तिथे भाडं कमी दाखवलं की तोटा वाढतो आणि थोडा कर वाचतो. पण २०२३-२४ ला काकूंच्या शाळेच्या कारकुनाने त्यांचा पगार नवीन करप्रणालीत बसवला होता, आणि नवीन प्रणालीत हा तोटा पगारातून वजाच होत नाही. त्या वर्षी आधी चार-चार, मग सहा-सहा हजार रोख घेऊन वाचलेला कर : शून्य रुपये. आधीच्या वर्षी, जुन्या प्रणालीत, सात महिन्यांच्या अठ्ठावीस हजार रोखीवर वाचले ४,०७७ रुपये.

काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. "चार हजार?"

चार हजार सत्त्याहत्तर.

इथे माझाही कान धरायला हवा. दोन वर्षं मी बारा हजार भाडं धरून विवरणपत्र भरलं आणि एकदाही विचारलं नाही, की २०२३ मध्ये खराडीत वन बीएचके बारा हजाराला कसा मिळतो? त्या वर्षी पुण्यातली भाडी काय वेगाने चढत होती, हे मला ठाऊक होतं. विचारायला हवं होतं. नंतर २०२३-२४ चं विवरणपत्र डिसेंबरमध्ये सुधारून दिलं, आणि २०२२-२३ साठी अद्ययावत विवरणपत्र (सुधारण्याची मुदत गेल्यावर जादा कर भरून द्यायचं ते) भरलं. त्यात मूळ कर, व्याज आणि वरचा पंचवीस टक्के जादा कर मिळून सहा हजारांच्या घरात गेले. म्हणजे वाचलेले चार हजारही परत गेले, वर दोन हजार घेऊन.

बाहेर कसा काढला

काकांच्या डोक्यात पहिला उपाय पाणी आणि वीज बंद करण्याचा होता. सोसायटीचा प्लंबर ओळखीचा, मीटर काकूंच्या नावावर, दोन मिनिटांचं काम. मी ठाम नाही म्हटलं. त्याच अधिनियमाचं कलम २९ आवश्यक सेवा तोडायला मनाई करतं. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, 'दोन माणसं पाठवणं' याचा शेवट पोलीस ठाण्यात होतो आणि तक्रारदार मालक नसतो. शिवाय घरात चौथीतली मुलगी आहे.

वकिलांची नोटीस पाठवली. पाच हजार रुपये. नोटीशीला उत्तर आलं नाही, पण नोटीस गेल्यामुळे तो बोलायला तयार झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकांबरोबर मीच खराडीला गेलो.

त्याने आम्हाला चहा दिला. बारा की अठरा हा विषय मी काढलाच नाही, मी विचारलं, "कधी निघता येईल?" आणि मग त्या माणसाने खरी अडचण सांगितली. नवीन नोकरी लागली होती, वाघोलीला दहा हजारांत जागा बघून ठेवली होती. पण तिथे तीस हजार डिपॉझिट हवं. त्याचं जे काही होतं ते पन्नास हजार, आमच्याकडे अडकलेलं. ते भाड्यात वळतं करतोय म्हटलं की त्याच्याकडे निघायला पैसाच उरत नाही, आणि निघाला नाही तर थकबाकी वाढतच जाणार. म्हणजे डिपॉझिट धरून ठेवून आम्हीच त्याला घरात कोंडलं होतं!

हे मी आधी अनेकदा पाहिलेलं असेल, पण असं लख्ख कधी दिसलं नव्हतं. भाडं थकवलेला भाडेकरू अडेलपणामुळे राहतो असं मालकाला वाटतं. पुष्कळदा तो राहतो कारण दुसऱ्या घराचं डिपॉझिट पहिल्या घरात बसलेलं असतं.

तडजोड अशी झाली. ३० नोव्हेंबरला किल्ली द्यायची. जुलै ते नोव्हेंबर, पाच महिन्यांचे आमच्या हिशेबाने नव्वद हजार. पैकी डिपॉझिटमधले पस्तीस हजार वळते करायचे, बाकी सोडून द्यायचे, आणि पंधरा हजार किल्ली हातात आल्यावर त्याच जागी त्याच्या खात्यात टाकायचे. उरलेले पंधरा त्याने मेव्हण्याकडून उचलले. दोन पानी कागद केला : तारीख, मीटरचं वाचन, वस्तूंची यादी, दोघांचं एकमेकांकडे काही येणं-देणं नाही हे वाक्य, दोन्ही बाजूंच्या सह्या, साक्षीला सोसायटीचे सचिव. रिकाम्या घराचे फोटो काढले, मग पैसे पाठवले.

काकांना पंधरा हजार परत देणं फार झोंबलं. "थकवलेल्याला वर बक्षीस?" मला आजही वाटतं की या सगळ्या प्रकरणात सर्वांत स्वस्तात पडलेले पैसे तेच. आणखी दोन महिने तो राहिला असता तर छत्तीस गेले असते.

एकूण किती गेले ते लिहून ठेवतो. भाड्याचे ५५ हजार. महावितरणचं थकीत बिल ४,३००. मीटर आपल्या नावावर, त्यामुळे तेही आपल्याच गळ्यात. नोटीस ५ हजार. नवीन भाडेकरू मिळेपर्यंत डिसेंबर-जानेवारी रिकामे, ३६ हजार. बेरीज १,००,३००. रंग आणि नवीन दलाली यात धरली नाही, ती कधीतरी लागलीच असती.

सोसायटीच्या बिलात सापडलेली गंमत

फाईल चाळताना मेंटेनन्सची बिलं हाती लागली. महिन्याला २,२०० मेंटेनन्स आणि त्याखाली 'भाडेकरू चार्ज' १,०००. पहिल्या महिन्यापासून.

मालक स्वतः न राहता घर भाड्याने देत असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्थेला बिगर-भोगवटा शुल्क घेता येतं, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. शासनाचा तसा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. मेंटेनन्सच्या बिलातला सगळाच आकडा सेवा शुल्क नसतो. पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी बाजूला काढायचा. काकूंच्या बिलात सेवा शुल्क १,७०० निघालं. म्हणजे शुल्क हवं १७०. दर महिन्याला ८३० जादा, भाडेकरू असलेले सत्तर महिने : ५८,१०० रुपये. भाडेकरूने बुडवलेल्या भाड्यापेक्षा जास्त, आणि कुणी आवाजही चढवला नव्हता.

पत्र दिलं, आदेशाची प्रत जोडली. पुढच्या तिमाहीपासून १७० लागू झाले. मागच्या पैशांबद्दल उत्तर आलं, "सर्वसाधारण सभेत ठेवू." (तुमची सोसायटी सहकारी संस्था नसून अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली असेल, तर हा नियम जसाच्या तसा लागत नाही, आधी नोंदणीचा कागद बघा.)

मिळकतकराचीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असेल तर करात चाळीस टक्के सवलत देते. २०२३ मध्ये त्यासाठी पीटी-३ फॉर्म भरून घेतले. शेजारच्या फ्लॅटवाल्याने भाडेकरू ठेवूनही तो भरलाय, आपणही भरू, असं काकांचं म्हणणं. आता त्याच घराचा नोंदणीकृत भाडेकरार एका सरकारी खात्यात आणि 'मी स्वतः राहतो' हा फॉर्म दुसरीकडे! काकांनी स्वतःच हात जोडले.

विकायचा का

दुसऱ्या प्रश्नाला फेब्रुवारी २०२५ मध्ये बसलो. नवीन भाडेकरू आले होते, भाडं २० हजार.

वर्षाला अकरा महिनेच भाडं धरलं, २ लाख २० हजार. बारा महिने धरणाऱ्याने एकदा तरी रिकाम्या घराचा हप्ता भरून बघावा. यातून मेंटेनन्स २६,४००, बिगर-भोगवटा २,०४०, मिळकतकर ११,४००, दर दोन वर्षांनी एक महिन्याची दलाली म्हणून वर्षाला १० हजार, दुरुस्ती १५ हजार. हातात सुमारे १ लाख ५५ हजार. सत्तेचाळीस लाखांवर ३.३ टक्के. आज त्या फ्लॅटला ६२ लाख येतील असं दोन एजंट म्हणाले. त्यावर अडीच टक्के.

हप्ता वर्षाला २,९१,६००. म्हणजे काकू दरवर्षी पगारातून १ लाख ३६ हजार या फ्लॅटमध्ये घालतात. 'भाड्यात हप्ता सुटतो' हे वाक्य ज्या कुणी पहिल्यांदा उच्चारलं, त्याने निदान साडेआठ टक्क्यांच्या कर्जावर तीन टक्के भाड्याचा फ्लॅट घेतलेला नसावा.

किंमत वाढली, खरं आहे. ४२ चे ६२. पण ४७ वरून धरलं तर पावणेसात वर्षांत वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास. वाढ चार, भाडं तीन-सव्वातीन, एकूण सात-सव्वासात. स्वतःच्या पैशावर हे वाईट नाही. साडेआठच्या कर्जाच्या पैशावर मात्र दर वर्षी थोडं थोडं गळतं.

विकला तर कर किती, ही काकांची मोठी धास्ती. जुलै २०२४ मध्ये नियम बदलले आणि महागाई निर्देशांकाचा (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून नफा कमी धरण्याचा) फायदा गेला असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. अर्धवट ऐकलं होतं. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला दोन्ही पर्याय आहेत : निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के, किंवा निर्देशांकासह वीस टक्के, जो कमी येईल तो. खरेदी, मुद्रांक, नोंदणी, दलाली मिळून ४५.२४ लाख. विकतानाची एक टक्का दलालीही किमतीतून वजा धरली. पहिल्या पर्यायात नफा १६ लाखांवर, कर उपकरासह दोन लाख दहा हजारांच्या आसपास. दुसऱ्यात, २०१८-१९ चा निर्देशांक २८० आणि २०२४-२५ चा ३६३, म्हणून खर्च होतो ५८.६५ लाख, नफा पावणेतीन लाखांच्या आत, कर ५७ हजार. जुनी पद्धत निवडली तर दीड लाख वाचतात. धास्तीची जागा उरली नाही.

कर्ज फेडून, कर भरून हातात ३७ लाखांच्या वर येत होते. सात टक्क्यांच्या ठेवीत त्यांचे वर्षाला अडीच लाखांवर व्याज. एका बाजूला खिशातून १ लाख ३६ हजार जातात, त्यातले नव्वद हजारांच्या आसपास मुद्दलात जमा होतात हे मान्य. दुसऱ्या बाजूला अडीच लाख येतात. मी विका म्हटलं.

काकूंनी सगळं ऐकलं. शिक्षिकेच्या सवयीने दोन ठिकाणी माझी बेरीजही तपासली. मग म्हणाल्या, "ठेवीत ठेवले तर दोन वर्षांत कुणाच्या तरी लग्नात जातील. भिंतीत आहेत म्हणून आहेत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या घरात रोख टिकत नाही, तिथे हे खोटंही नाही. मग मधला रस्ता काढला. त्यांची नियुक्ती १९९० ची, जुनी पेन्शन लागू. २०२६ मध्ये निवृत्त होताना उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम येईल, ती आल्या आल्या कर्जात भरायची. नातेवाइकांना कळायच्या आत. तोवर वार्षिक वेतनवाढीची थकबाकी वगैरे जे येईल तेही कर्जातच. कर्ज गेलं की तोच ३.३ टक्क्यांचा फ्लॅट पेन्शनला दरमहा तेरा हजारांची जोड देईल. विकणं त्याहून चांगलं होतं, असं माझं मत अजून आहे.

नवीन करार

नवीन भाडेकरू म्हणजे एका रुग्णालयातल्या दोन परिचारिका. सोसायटीचे सचिव म्हणाले, फॅमिली बघा. भाडेकरू ठेवताना सोसायटीला आधी कळवावं लागतं, तिची परवानगी घ्यावी लागत नाही, हे त्यांना नम्रपणे सांगितलं. त्यांनी जास्त ताणलं नाही.

करार बावीस महिन्यांचा. अकरा महिन्यांनंतर पाच टक्के वाढ. पहिले सहा महिने कुणीच सोडायचं नाही, नंतर एक महिन्याची सूचना. डिपॉझिट ६० हजार, बँकेतून. भाडं पूर्ण बँकेतून. वीजबिल भाडेकरूंनी भरायचं आणि त्याचा फोटो दर महिन्याला काकांना पाठवायचा. पोलिसांकडची माहिती करारानंतर दुसऱ्याच दिवशी ऑनलाइन भरली. मुद्रांक आणि नोंदणी मिळून खर्च दोन हजारांच्या थोडा वर.

नोंदणी घरबसल्या होते. एजंट थम्बचं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन येतो. हा एजंट दुसरा, पहिल्याचा नंबर काकांनी खोडलाय. परिचारिकांचे अंगठे लगेच उठले. काकूंचा उठेना. पुसून झाला, पाणी लावून झालं, यंत्र उलटंपालटं करून झालं. चौतीस वर्षं खडू धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या. एजंट म्हणाला, "मॅडम, तुम्हाला जमत नसेल तर नोटरी..."

काका ताडकन उठून उभे राहिले. "संध्याकाळपर्यंत बसू आम्ही."

सव्वा तासाने डाव्या हाताच्या अनामिकेवर हिरवा दिवा लागला.